जखमेचा अधिकार: ब्रायन मूर ह्यांची ‘ब्लॅक रोब’

धर्मप्रसारकाच्या यातनांवर लिहिलेली कादंबरी ह्या पानांतून वाचकांपुढे ठेवताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, हे आरंभीच सांगितलेले बरे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कुलदैवताच्या कथेत नदी ओलांडण्याचा एक प्रसंग आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. आणि ह्या प्रत्येक स्थलांतरामागे साष्टीतील देवळे पाडणारी राजसत्ता व तिच्या बरोबरीने चालणारा काळा झगा उभा आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या घरांतूनही कुलाचाराच्या वेळी ही गोष्ट सांगितली जाते. अशा वाचकाला ‘एका शांत स्वभावाच्या तरुण पाद्र्यावर हल्ला झाला, त्यातून तो वाचला, आता त्याच्या अंतःकरणात कोणता पालट झाला ते ऐका’ असे म्हणणे म्हणजे ज्याचे घर लुटले गेले त्याला लुटारूच्या पायात मोडलेल्या काट्याची हकिगत सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. कादंबरीची पहिली काही प्रकरणे वाचून होईपर्यंत आमचीही भावना काहीशी अशीच होती.

पुढे ती तशी राहिली नाही. का राहिली नाही, आणि तरीही पुस्तक मिटवताना मनात कोणती तक्रार उरली, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ब्रायन मूर ह्यांचा जन्म १९२१ साली बेलफास्ट येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. १९४८ मध्ये ते कॅनडात गेले, पुढे अमेरिकेत राहिले आणि १९९९ मध्ये निवर्तले. घरचा धर्म त्यांनी तरुणपणीच सोडला होता. पण सोडलेला धर्म त्यांना कधी सोडून गेला नाही, हे त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवरून दिसते. ‘ब्लॅक रोब’ १९८५ साली प्रसिद्ध झाली. तिचे बीज ग्रॅहम ग्रीन ह्यांच्या एका निबंधात आहे. फ्रान्सिस पार्कमन ह्या अमेरिकन इतिहासकाराने १८६७ मध्ये उत्तर अमेरिकेतील जेझुइटांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातील नोएल शाबानेल ह्या पाद्र्याची हकिगत ग्रीन ह्यांनी उल्लेखिली आणि ती वाचून मूर थबकले. हा शाबानेल ह्यूरॉन लोकांत राहावयास गेला खरा, पण त्या लोकांचा धूर, त्यांचे अन्न, त्यांची गर्दी त्याला मुळीच सोसवेना, भाषाही येईना. परत जाण्याचा मोह रोज होई. तेव्हा १६४७ साली त्याने मरेपर्यंत तेथेच राहण्याची शपथ घेतली, आणि १६४९ च्या डिसेंबरात तो मारला गेला. ज्या लोकांची मनातून शिसारी येते त्यांच्यासाठी आयुष्य वाहून टाकणारा हा मनुष्य कोणत्या घडणीचा असेल, ह्या कुतूहलातून मूर मूळ कागदपत्रांकडे वळले. हे कागद म्हणजे जेझुइटांनी १६३२ ते १६७३ पर्यंत वर्षानुवर्ष पॅरिसमध्ये छापलेले वृत्तान्त. त्यांची इंग्रजी आवृत्ती ७३ खंडांची आहे. धर्मप्रसारकांनी आपल्या कामाविषयी इतके आणि इतक्या नियमाने लिहून ठेवले आहे की प्रतिपक्षाने एक अक्षरही लिहिलेले नाही ह्याचा वाचकाला विसर पडावा. ह्या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

कादंबरीचे कथानक सरळ आहे. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात क्वेबेकहून लाफोर्ग नावाचा तरुण जेझुइट, अल्गोंकिन लोकांच्या होड्यांतून, हिवाळा तोंडावर आला असता, ह्यूरॉनांच्या प्रदेशातील एका ठाण्याकडे निघतो. तेथील पाद्री आजारी आहेत की मेले आहेत, कोणास ठाऊक नाही. बरोबर दानिएल नावाचा एक फ्रेंच पोरसवदा तरुण आहे. तो अल्गोंकिनांतील चोमिना ह्या प्रौढ पुरुषाच्या मुलीच्या, अन्नुकाच्या, प्रेमात पडलेला आहे. वाटेत लाफोर्ग अरण्यात हरवतो, रडतो, सापडतो, आणि सोबतचे लोक त्याला हसतात. पुढे ते त्याला टाकून जातात. दिलेला शब्द मोडल्याची बोच लागून चोमिना तेवढा बायकामुलांसह परत फिरतो. आणि त्याच क्षणी इरोक्वा लोकांचा हल्ला होतो.

ह्या प्रवासात अल्गोंकिनांचा सारा व्यवहार स्वप्नांवर चालतो. काय करावे, कोणाला बरोबर घ्यावे, कोठे थांबावे, हे स्वप्न सांगते. लाफोर्गला ही शुद्ध सैतानाची करणी वाटते. देवळात जाऊन कौल लावणाऱ्या आमच्या वाचकांना ती तशी वाटणार नाही. उजवा प्रसाद की डावा, हे पाहिल्याशिवाय ज्यांच्या घरी सोयरीक ठरत नाही त्यांना चोमिनाचे स्वप्नावरून अडखळणे अगदी ओळखीचे वाटेल. आणि त्यामुळे लाफोर्गपेक्षा चोमिनाच आपला माणूस आहे, अशा भावनेने आम्ही ही कादंबरी वाचू लागतो. लेखकाला हे अभिप्रेत होते असे आम्हांस वाटते. त्याने कादंबरीची दृष्टी एका पाद्र्याच्या डोळ्यांत कोंडून ठेवलेली नाही. अल्गोंकिन आपसांत बोलतात तेव्हा ते कथापुराणांतले वनवासी राहत नाहीत; ते टिंगल करतात, शिव्या देतात, हिशेब करतात. ह्या शिव्यांचे प्रमाण काही वाचकांस असह्य होईल. पण त्या काल्पनिक नव्हेत; त्यांना आधार पाद्र्यांच्या वृत्तान्तांचाच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. हल्ल्यापूर्वीचा लाफोर्ग कसा आहे? तो मवाळ आहे, कोणावर हात उगारणारा नाही, उपाशी मुलाला आपल्या वाट्याचे देणारा आहे. पण त्याच्या ह्या सौम्यतेच्या तळाशी एक अभिलाषा आहे आणि ती सौम्य नाही. त्याला हुतात्मा व्हावयाचे आहे. फ्रान्समधील त्याच्या आईने मुलगा परत येणार नाही हे जवळजवळ गृहीतच धरले आहे आणि त्यात तिला दुःखाइतकाच अभिमानही वाटतो. १९९१ साली ब्रूस बेरेसफर्ड ह्यांनी ह्या कादंबरीवर चित्रपट काढला. त्याची पटकथा मूर ह्यांनीच लिहिली. त्यात एक लहानसे दृश्य आहे. यातनांनी विद्रूप झालेला एक पाद्री कॅनडाहून परत आलेला आहे. लाफोर्ग त्याच्याकडे पाहतो, आणि त्याच्या डोळ्यांत भीतीपेक्षा असूयाच अधिक दिसते. म्हणजे ज्या प्रहाराने पुढे हा मनुष्य बदलणार आहे त्या प्रहाराची तो वाट पाहत होता. ज्या लोकांना तारावयाचे त्यांच्याच हातून मरण यावे, ही इच्छा त्या लोकांविषयी फारसा आदर दाखवीत नाही. त्यांना तो आपल्या पुण्याईचे साधन मानतो. मूर ह्यांनी ही गोष्ट कोठेही शब्दांनी सांगितलेली नाही, आणि म्हणूनच ती ठसते.

मग हल्ला होतो, आणि त्याने जे योजले होते त्यातले काहीच घडत नाही. शिंपल्याच्या धारेने त्याचे बोट कापले जाते. हे फार दुःसह आहे. पण त्याच्या डोळ्यांदेखत चोमिनाची बायको मारली गेली आहे आणि त्याचा लहान मुलगा ठार होतो. जो माणूस लाफोर्गसाठी परत फिरला त्याचा संसार बुडाला, आणि ज्याला मरावयाचे होते तो एका बोटावर सुटला! कादंबरीचे सारे सामर्थ्य ह्या विषम हिशेबात आहे. हुतात्म्याच्या कथेत मरणारा एकच असतो आणि बाकीचे साक्षीदार असतात. येथे पाद्रीच साक्षीदार झाला. ज्या पात्राने कथेच्या मध्यभागी उभे राहावे अशी त्याच्या आईपासून सर्वांची अपेक्षा होती, त्याला लेखकाने बाजूला सारून उभे केले आणि दुसऱ्याचे दुःख पाहावयास लावले.

सुटकेनंतरचा लाफोर्ग पूर्वीचा नाही. त्याच्यात सूडबुद्धी येत नाही, आणि शौर्यही येत नाही. त्याची प्रार्थना मात्र कोरडी होते. शब्द तेच, पण पलीकडे कोणी ऐकत आहे ही खात्री गेलेली. चोमिना बर्फात मरणोन्मुख पडलेला असता लाफोर्ग त्याला बाप्तिस्मा घेण्याची विनवणी करतो. तेव्हा चोमिना त्याला विचारतो की तुझ्या स्वर्गात माझी बायको नाही, माझा मुलगा नाही, माझी माणसे नाहीत. तर मी तेथे जाऊन काय करू? लाफोर्गपाशी ह्याला उत्तर नाही. प्रवासाच्या आरंभी असते. पाठ केलेले एखादे वचन त्याने म्हटले असते आणि आपण कर्तव्य केले अशा समाधानाने तो निजला असता. आता तो गप्प राहतो. हे मौन आम्हांस संपूर्ण पुस्तकातील सर्वांत थोर जागा वाटली.

शेवटी तो ह्यूरॉनांच्या गावी एकटा पोहोचतो. तेथे साथ आहे. गावातील माणसे भराभर मरत आहेत आणि पाद्र्याच्या पाण्याने ताप उतरेल अशा आशेने उरलेले लोक बाप्तिस्मा मागत आहेत. म्हातारा पाद्री म्हणतो, मागत आहेत ना, मग दे. त्यांना समजले की नाही हा विचार नंतरचा. लाफोर्गला ही फसवणूक वाटते. तेव्हा गावचा एक मुख्य त्याला विचारतो की तुझा आमच्यावर जीव आहे का. लाफोर्ग होय म्हणतो. आणि मग पाणी घालू लागतो. त्याच वेळी, कित्येक दिवसांनी, त्याच्या मनातून खरी प्रार्थना निघते, आणि ती त्या लोकांना वाचव एवढीच असते. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर चार ओळी येतात आणि कळते की पंधरा वर्षांत, ख्रिस्ती झालेल्या ह्या ह्यूरॉनांचा इरोक्वांनी संहार केला आणि जेझुइट आपले ठाणे सोडून क्वेबेकला परतले.

पुष्कळ टीकाकारांनी हा शेवट प्रेमाचा विजय म्हणून वाचला आहे. आम्हांस तो तसा वाटत नाही. माणूस बदलला, त्याचे काम बदलले नाही. त्याच्या मनातील अहंता गळून पडली, लोभस करुणा आली, आणि त्या करुणेनेच त्याने ते केले जे पूर्वी अहंतेने केले असते. पाणी तेच, गाव तेच, परिणामही तोच. किंबहुना पूर्वीच्या लाफोर्गला ह्यूरॉनांनी कदाचित नकार दिला असता. ह्या बदललेल्या, एक बोट गमावलेल्या, डोळ्यांत पाणी असलेल्या लाफोर्गला नकार देणे त्यांना जड गेले. जखमेने त्याला नम्र केले, आणि त्याच जखमेने त्याला अधिकारही दिला. मूर ह्यांना हे कळले होते की नाही ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. धर्म सोडलेल्या पण धर्माची ओढ न सुटलेल्या लेखकालाच असा दुहेरी शेवट साधतो.

ह्या कल्पित लाफोर्गच्या मागे अनेक खऱ्या पाद्र्यांची छाया आहे. त्यांपैकी इझाक झोग ह्याची हकिगत त्याच्याजवळ ठेवून पाहण्यासारखी आहे. झोगचा जन्म १६०७ साली ओर्लेआँ येथे झाला आणि १६३६ मध्ये तो कॅनडात आला. १६४२ च्या ऑगस्टात इरोक्वांपैकी मोहॉक लोकांनी त्याच्या होड्यांवर हल्ला केला. तो वेतांच्या बनात दडला होता आणि कोणाला दिसलाही नव्हता. पण सोबतचे लोक पकडले गेलेले पाहून तो आपण होऊन बाहेर आला. त्याची बोटे चावून चिरडली गेली, डाव्या हाताचा अंगठा कापला गेला. त्याच्याबरोबरचा रने गूपिल हा साधा सेवक सप्टेंबरात मारला गेला. कारण ऐकण्यासारखे आहे. गूपिलने एका लहान मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. मुलाच्या आजोबाने ती चेटूक समजून त्याला मारवले. परक्या माणसाने आपल्या नातवाच्या कपाळाला बोट लावून काहीतरी पुटपुटावे, हे आमच्या गावातील कोणत्या आजोबांना रुचले असते? अंगारा लावणारा हात ओळखीचा असावा लागतो. गूपिल निष्पाप होता ह्यात संशय नाही. म्हातारा भयभीत होता ह्यातही नाही.

झोग पुढे वर्षभर त्या गावात गुलाम म्हणून राहिला. येथेच कादंबरीने न उचललेला एक धागा आहे. एका वृद्ध स्त्रीच्या घरी त्याला ठेवले होते. तिने त्याला जपले आणि तो तिला आत्या म्हणे. फ्रेंच शब्दाने आत्या, मावशी, काकी ह्यांतील भेद कळत नाही. पण त्या लोकांत आईच्या बहिणीला आईच म्हणण्याची रीत आहे, तेव्हा आत्या म्हटलेलेच अधिक बरोबर. ज्या लोकांनी अंगठा कापला त्यांच्याच एका घरात त्याला आत्या मिळाली! इरोक्वा लोक युद्धकैद्यांना हालहाल करून मारीत हे खरे. पण कित्येकांना ते मेलेल्या मुलाच्या, भावाच्या जागी दत्तकही घेत. दुःखाची भरपाई करण्याचे हे दोन्ही प्रकार त्यांच्यात शेजारी शेजारी नांदत होते. मूर ह्यांच्या इरोक्वांना मात्र एकच हात आहे, आणि त्यात शिंपला आहे. अल्गोंकिनांना हसणे, रडणे, चुकणे सारे देऊन इरोक्वांना लेखकाने निव्वळ क्रौर्य दिले, हा कादंबरीचा मोठा दोष आहे आणि चित्रपटात तो अधिकच ढळढळीत दिसतो. अमेरिकेतील मूळच्या लोकांपैकी काही लेखकांनी ह्यावर कडक आक्षेप घेतले. ते आम्हांस योग्य वाटतात. आत्येच्या घरी राहून बदललेला लाफोर्ग कसा झाला असता? ती कादंबरी अधिक कठीण झाली असती आणि कदाचित अधिक मोठीही.

१६४३ मध्ये डच लोकांच्या मदतीने झोग निसटला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. काही दिवसांनी पहाटे, फाटक्या वेषात, तो रेन येथील जेझुइटांच्या दारी उभा राहिला. तेथील प्रमुखाने कॅनडाहून आलेल्या ह्या दरिद्री माणसाला विचारले की फादर झोगचे काय झाले, जिवंत आहे की मेला; तेव्हा तो मीच, असे त्याने सांगितले. राणी आन हिने त्याच्या तुटक्या हातांचे चुंबन घेतले. पण एक अडचण होती. मिस्सा करणाऱ्या पाद्र्याचा अंगठा व तर्जनी शाबूत असली पाहिजेत, असा नियम होता; झोगला तो विधी करता येईना. हा नियम आमच्या वाचकांस परका वाटू नये. आमच्याकडेही खंडित मूर्ती पूजेत राहत नाही. तिचे विसर्जन करावे लागते. मूर्ती कितीही पुरातन असो, भक्ताचे कितीही अश्रू तिच्या पायांवर पडलेले असोत, शास्त्र तेथे माया धरीत नाही. रोमने मात्र येथे शास्त्र बाजूला ठेवले. पोप आठवा अर्बन ह्याने झोगला त्या तुटक्या हातांनीच मिस्सा करण्याची अनुज्ञा दिली.

ही अनुज्ञा करुणेची होती हे आम्ही मान्य करतो. पण त्या क्षणी आणखीही काही घडले. व्यंग म्हणून जे बाहेर ठेवावयाचे ते चिन्ह म्हणून गाभाऱ्यात आले. जखम पूज्य झाली; आणि जखम पूज्य झाली की जखम कोणी केली ह्याचा हिशेबही पवित्र होऊन बसतो.

गोव्याच्या वाचकाला ह्याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीस रोदोल्फो आक्वाव्हिव्हा आणि त्याचे चार जेझुइट सोबती ग्रामस्थांनी ठार केले. त्यापूर्वी त्या गावची देवळे पाडली गेली होती आणि पाद्री तेथे नवे चर्च बांधण्यासाठी जागा पाहावयास आले होते. रोदोल्फो हा अकबराच्या दरबारी तीन वर्षे राहून नुकताच परतला होता आणि स्वभावाने फार मृदू म्हणून त्याची ख्याती होती. ह्यावर आमचा विश्वास आहे. पुढे गावच्या मुख्य गावकरांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. गावच्या जमिनी जप्त झाल्या. त्या पाच जणांना १८९३ साली रोमने धन्य म्हणून घोषित केले. गावकरांचे स्मारक उभे राहावयास एकविसावे शतक उजाडावे लागले. रक्त दोन्ही बाजूंचे सांडले. अधिकार एकाच बाजूच्या रक्ताला मिळाला.

तथापि त्याच काळात साष्टीत आणखी एक तरुण जेझुइट होता, आणि त्याचे नाव ह्या पानांत घेतल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यास आला. कुंकळ्ळीच्या घटनेविषयी त्याने त्याच वर्षी आपल्या भावाला पत्र लिहिले आहे. मारले गेलेले त्याचेच सोबती होते. त्यानंतर तो साष्टी सोडून गेला नाही. १६१९ मध्ये मरेपर्यंत सुमारे छत्तीस वर्षे तो बहुतेक तेथेच राहिला आणि ज्या लोकांनी त्याचे सोबती मारले त्यांची भाषा शिकला. १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्याचे क्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे, आणि त्याचे कोंकणी भाषेचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघाले. ते पुराण धर्मांतर झालेल्यांना त्यांच्या मूळच्या पुराणांची उणीव भासू नये म्हणून लिहिले गेले, म्हणजे त्याचाही हेतू बाप्तिस्म्याच्या पाण्याहून वेगळा नव्हता. तरी ओवीला कान द्यावयाचा तर आधी दुसऱ्याचे ऐकावे लागते. लाफोर्गला चोमिनाच्या प्रश्नापुढे गप्प राहावे लागले. स्टीफन्सने गप्प राहण्याऐवजी ज्ञानेश्वर-नामदेवांची भाषा शिकून घेतली. ह्या दोहोंत कोणता पालट खोल, हे ठरवणे आम्हांस अवघड वाटते. स्टीफन्सच्या ओवीवर आमचे प्रेम आहे, आणि ती ओवी कोणत्या पडझडीवर उभी आहे हेही आम्ही विसरत नाही.

झोगकडे परत येऊ. १६४४ मध्ये तो आपण होऊन कॅनडात परतला. १६४६ च्या उन्हाळ्यात फ्रेंचांचा शांतिदूत म्हणून तो पुन्हा त्याच मोहॉक गावी गेला. त्या वेळी झगा न घालता साध्या गृहस्थाच्या वेषात. ज्यांनी त्याला छळले होते त्यांनी त्याचे स्वागत केले. निघताना त्याने एक लहानशी पेटी तेथे ठेवली. त्यानंतर गावात रोग आला, पिकांवर अळी पडली, आणि लोकांनी पेटीला दोष दिला. ऑक्टोबरात तो पुन्हा गेला तेव्हा त्याला जेवावयास बोलावून उंबरठ्यावरच कुऱ्हाडीने मारले. गावात ह्याविषयी एकमत नव्हते. लांडगा आणि कासव ह्या कुळांचे लोक त्याला वाचवावे म्हणत होते; अस्वल कुळातील काहींनी ते ऐकले नाही. १९३० मध्ये तो संत झाला.

खऱ्या झोगच्या पत्रांत शंका नाही. यातनांनी त्याची श्रद्धा डळमळली नाही, उलट दृढ झाली. मूर ह्यांनी लाफोर्गच्या ठायी घातलेला संशय हा विसाव्या शतकातला आहे, असा एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. पण आमच्या मते तो दोष नव्हे. जुन्या माणसाच्या तोंडी नवा प्रश्न घालण्याचा कादंबरीकाराला हक्क आहे, जर त्या प्रश्नाने जुन्या गोष्टीचा एखादा अंधारा कोपरा उजळत असेल. येथे तो उजळला आहे. वृत्तान्त लिहिणाऱ्या पाद्र्यांनी बाप्तिस्म्यांची संख्या दरसाल कळवली. त्याच काळात ह्यूरॉनांची लोकसंख्या, सुमारे १६३४ ते १६४० ह्या अवधीत, रोगांनी जवळजवळ निम्म्यावर आली. आम्ही ज्याला देवी म्हणतो तो रोग त्यांना ठाऊकही नव्हता. तो होड्यांतून आला, पाद्री ज्या होड्यांतून आले त्याच. एका बाजूला वाढणारा आकडा आणि दुसऱ्या बाजूला घटणारी माणसे ह्यांना एका दृश्यात आणण्याचे काम वृत्तान्तांनी केले नाही. मूर ह्यांनी शेवटच्या प्रकरणात केले.

चित्रपटातील एका प्रसंगाविषयी लिहिण्याचे राहिले. लाफोर्ग वहीत काही लिहीत असतो. चोमिना त्याला विचारतो, हे काय? लाफोर्ग म्हणतो, मला ठाऊक नाही असे काही तू मला सांग. चोमिना आपल्या घरच्या एका मरणाविषयी एक वाक्य सांगतो. लाफोर्ग ते कागदावर उतरवतो आणि दूर बसलेल्या दानिएलकडे तो कागद नेतो. दानिएल तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो. अल्गोंकिन थक्क होऊन पाहत राहतात. काहींच्या चेहऱ्यावर भय आहे. आपल्या सासूचे बर्फातले मरण न पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना चोमिनाला काय वाटले असेल, ते त्याला विचारण्याचे त्या दोघांपैकी कोणालाही सुचत नाही. वही मिटली जाते आणि होड्या पुढे निघतात.